रात्रीच्या ओलितासाठी प्रकाश आपल्या मनाप्रमाणे ठरवता येणारी बॅटरी कोणती घ्यावी?

धुऱ्यावरून (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

आमचे साडेचार एकर वावर आहे. खरिपात पऱ्हाटी आणि तूर असते, विहिरीला पाणी राहिले तर मागून हरभरा आणि थोडा गहू घेतो. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते आणि रात्रीची पाळी आली की मी आणि वडील दोघेही वावरात असतो. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, त्यामुळे मी तोच शब्द वापरतो आणि आतल्याला सेल म्हणतो, म्हणजे घोळ होणार नाही.)

सध्या आमच्याकडे तालुक्याच्या बाजारातून घेतलेली एका बटणाची बॅटरी आहे. बटण दाबले की ती आधी पूर्ण प्रखर लागते, पुन्हा दाबले की मध्यम, मग मंद, मग जोरजोरात लुकलुकणारी, आणि शेवटी ती तीन आखूड-तीन लांब-तीन आखूड अशी संकटाची खूण. म्हणजे मंद प्रकाश हवा असेल तर आधी डोळे दिपवून घ्यायचे, आणि मंदावरून प्रखरवर जायचे असेल तर मध्ये लुकलुक सोसायची. मागच्या पाळीत रात्री दोनच्या सुमारास लाईन जाऊन परत आली, मोटार आपोआप सुरू झाली नाही, म्हणून मी स्टार्टरची पेटी उघडली. हात दवाने ओले होते, अंगठा बटणावर घसरला आणि हात पेटीत असतानाच बॅटरी लुकलुकायला लागली. पेटीतल्या उघड्या टोकांपासून माझी बोटे वीतभर अंतरावर होती आणि त्या लुकलुकीत टोक कुठले, सावली कुठली, हे मला कळत नव्हते. मी हात तसाच मागे घेतला, पण त्या रात्रीपासून ही बॅटरी मनातून उतरली आहे.

मला तीन कामांसाठी प्रकाश लागतो. बांधावरून आणि सऱ्यांमधून चालताना पायापुढची पाच-सात हात जागा स्वच्छ दिसावी, कारण आमच्याकडे घोणस आणि मण्यार दोन्ही निघतात. दुसरे, तुषार संचाचे नोझल अडकले की ते सोडवताना किंवा स्टार्टरजवळ असताना मंद, स्थिर प्रकाश हवा. तिसरे, रोही (नीलगायी) किंवा रानडुकरे शिरली आहेत का हे पाहण्यासाठी वावराच्या पलीकडच्या टोकापर्यंत झोत जावा. वडिलांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना एकदम प्रखर प्रकाश सोसत नाही.

कोणता प्रकाश किती असावा, बटण दाबल्यावर पहिला कोणता लागावा आणि लुकलुक असावी की नसावी, हे वापरणाऱ्यालाच ठरवता येते अशा बॅटऱ्या मिळतात असे ऐकले आहे. त्या खरोखर उपयोगाच्या आहेत का? ठरवलेले कायम राहते का? एका बॅटरीला दीड-दोन हजार रुपयांपर्यंत माझी तयारी आहे.

---

पांदणवाट (मूल तालुका, जि. चंद्रपूर)

भाऊ, तुम्ही प्रश्न नेमका विचारला आहे. बहुतेक लोक "किती ल्युमेनची घेऊ" (ल्युमेन म्हणजे बॅटरीतून निघणारा एकूण प्रकाश) असे विचारतात आणि तिथेच फसतात. माझ्याकडे अशा दोन बॅटऱ्या तीन वर्षांपासून आहेत, धानाच्या बांध्यांत आणि जागलीला दोन्ही वापरून झाल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रकाश ठरवता येणाऱ्या बॅटऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात बनवणाऱ्यानेच प्रकाशाच्या पायऱ्यांचे काही गट आत भरलेले असतात आणि त्यातला एक आपण निवडायचा. कॉन्व्हॉय कंपनीच्या एस-२ प्लस या बॅटरीत असे बारा गट येतात: काहींत चार-पाच पायऱ्या, काहींत दोन, एकात तर एकच, आणि लुकलुक अजिबात नसलेले गटही आहेत. एकदा गट निवडला की ती साधी बॅटरी होऊन जाते. शेवटचा वापरलेला प्रकाश लक्षात ठेवायचा की दर वेळी पहिल्या पायरीपासून सुरू व्हायचे, हेही त्यातच ठरवता येते.

दुसऱ्या प्रकारात पायऱ्या नसतात. बटण दाबून धरले की प्रकाश हळूहळू चढतो, सोडले की तिथेच थांबतो. या प्रकारातली सर्वांत गाजलेली प्रणाली, म्हणजे बटण कसे दाबल्यावर काय व्हावे हे ठरवणारा बॅटरीच्या आतला प्रोग्राम, म्हणजे अँड्युरिल. ती कुणा एका कंपनीची नाही, खुली आहे, म्हणून सोफर्न, वुर्कोस अशा अनेक कंपन्यांच्या काही मॉडेलांत ती सापडते. तिच्यात अगदी तळापासून माथ्यापर्यंत १५० पातळ्या आहेत. तळ कुठे ठेवायचा आणि माथा कुठे थांबवायचा, हे आपण ठरवतो. बंद बॅटरीचे बटण एकदा दाबले की लक्षात ठेवलेला प्रकाश लागतो, दाबून धरले की सर्वांत मंद प्रकाशापासून सुरुवात होते, आणि चालू असताना दोनदा पटकन दाबले की थेट मोठा झोत मिळतो. तुमच्या कामाचा भाग असा, की हव्या त्या प्रकाशावर असताना दहा वेळा बटण दाबले तर तोच प्रकाश कायमचा पहिला म्हणून नोंदवला जातो. त्यानंतर रात्री तुम्ही कितीही चढउतार केला, तरी पुढच्या वेळी ती तुमच्या ठरलेल्या प्रकाशावरच लागते. सेल काढून दुसरा घातला तरी ही नोंद पुसली जात नाही.

आता प्रकाश किती ठेवावा, याचा हिशेब सांगतो, कारण मनाप्रमाणे ठरवता येण्याचा खरा फायदा त्यातच आहे. चांगला १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) ३००० मिलिअँपिअर-तासांचा धरा. बॅटरी पूर्ण प्रखर असताना २.८ अँपिअर ओढत असेल तर तो तासाभरात संपतो. तीच ३५० मिलिअँपिअरवर ठेवली तर साडेआठ तास चालते, म्हणजे रात्रीची अख्खी पाळी एका सेलवर निघते. आणि वीज एक अष्टमांश केली म्हणून प्रकाश एक अष्टमांश होत नाही. कमी विजेवर एलईडी जास्त काटकसरीने चालतो, शिवाय आपला डोळाही असा आहे की प्रकाश निम्मा केला तरी त्याला तो निम्मा वाटत नाही, थोडा उतरल्यासारखा वाटतो. ३५० मिलिअँपिअरवर शंभराच्या वर ल्युमेन सहज मिळतात आणि चालायला त्यापेक्षा जास्त मी कधी वापरत नाही. नोझल, स्टार्टर, डबा उघडणे, या कामांना दहा-पंधरा ल्युमेन पुरेसे होतात.

मंद प्रकाशाचे दुसरे कारण डोळ्यांचे आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोत एकदा जवळच्या पांढऱ्या पाइपावर पडला की ती कमाई क्षणात जाते. मी मचाणावर असताना झोत लावतच नाही. डोळे सरावले की चांदण्यात धुऱ्यावरची हालचाल तशीही कळते, आणि कळल्यावर मग झोत टाकतो.

दूरच्या झोताबद्दल एक गणित लक्षात ठेवा. डब्यावर जे अंतर छापलेले असते, ते प्रकाश पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो तिथपर्यंतचे असते. ते कँडेलावरून, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्यावरून काढतात: कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. दहा हजार कँडेला असतील तर दोनशे मीटर. रोही आहे की झुडूप, हे ओळखायचे असेल तर छापलेल्या अंतराच्या निम्मे खरे धरावे. तुमचे साडेचार एकर चौकोनी असेल तर एक बाजू १३५ मीटरच्या आसपास येते, म्हणजे छापील पावणेतीनशे मीटरची बॅटरी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पुरेल, आणि मधोमध विहीर असेल तर त्याच्या निम्म्यात भागेल. अंतर दुप्पट हवे असेल तर कँडेला चौपट लागतात, हे कळले की मोठमोठ्या आकड्यांचा मोह कमी होतो.

आमच्या भागासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. लुकलुक लावून वाघ किंवा अस्वल पळते, या भरवशावर कुणीही एकटे पांदणीने जाऊ नये. मी ती पूर्ण बंद करून ठेवली आहे. दोघांनी बोलत जावे, झोत दोन्ही बाजूंनी फिरवत जावे.

---

सोल्डरचा_धूर (वणी, जि. यवतमाळ)

माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि हंगामात रोज पाच-सात बॅटऱ्या टेबलावर येतात. वरील भाऊंनी लिहिलेले योग्य आहे. मी फक्त सेल आणि प्रकाशाच्या दर्जाबद्दल लिहितो, कारण मनाप्रमाणे ठरवलेला प्रकाश खोट्या सेलवर टिकत नाही.

१८६५० आकाराच्या सेलमध्ये आजच्या घडीला साडेतीन हजार, फार तर चार हजार मिलिअँपिअर-तासांपर्यंतच क्षमता बसते. त्यावर ९९०० असे छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे, त्यावर वाद नाही. ग्राहकांना मी एक सोपा उपाय सांगतो: सेल सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-बत्तीस ग्रॅमचा निघाला तर आत माल कमी आहे. सेलवरचे प्लास्टिकचे वेष्टन फाटले असेल तर तो सेल वापरू नका, कारण आतले धातूचे भांडे म्हणजे ऋण टोक असते आणि वरच्या धन टोकाच्या कडेशी ते टेकले तर थेट शॉर्ट होतो. आणि उन्हाळ्यात बॅटरी टिनाच्या खोपडीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन लिथियम सेलला सोसत नाही.

आता प्रकाश कमी कसा केला जातो ते पाहा. काही बॅटऱ्या वीजच कमी देतात, तर स्वस्त बॅटऱ्या पूर्ण प्रखर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून डोळ्याला तो मंद भासवतात. दुसऱ्या प्रकारात चालू-बंद होण्याचा वेग कमी असला तर काही लोकांचे डोके दुखते, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांना तर त्रास जास्त जाणवतो, असा माझ्या ग्राहकांचा अनुभव आहे. हे ओळखायला उपकरण लागत नाही. बॅटरी मंद पायरीवर ठेवा आणि तुमच्या तुषार संचाच्या फवाऱ्यावर धरा. पाण्याच्या रेघा सलग दिसल्या तर बॅटरी चांगली. थेंबांची तुटक तुटक माळ दिसली तर ती चालू-बंदवाली आहे. दुकानात असाल तर नळाची बारीक धार पुरते.

प्रकाशाचा रंगही पाहून घ्या. निळसर पांढरा प्रकाश प्रखर वाटतो, पण वाळलेल्या पऱ्हाटीच्या पाल्यात पडलेली घोणस त्यात पाल्यासारखीच दिसते. चार हजार केल्विनच्या आसपासचा (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर), रंग खरे दाखवणारा एलईडी घेतला तर तपकिरीतले तपकिरी वेगळे निघते. यासाठी मी शंभर ल्युमेन कमी पत्करीन.

पूर्ण प्रखर पायरी दोन-तीन मिनिटांत आपोआप उतरते, ते बिघाडाचे लक्षण समजू नका. एवढ्याशा नळीत उष्णता मावत नाही, म्हणून आतले नियंत्रण ती खाली आणते.

---

गोठ्यातली_पहाट (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

भाऊ, तुमच्या वडिलांसाठी लिहिते, कारण आमच्या घरी हाच प्रश्न सासूबाईंचा होता. त्या पहाटे चारला गोठ्यात जातात. आधीची बॅटरी लागली की गायी दचकून उभ्या राहायच्या आणि सासूबाईंना स्वतःलाच काही दिसेनासे व्हायचे.

माझ्या मिस्टरांनी अँड्युरिलची छोटी बॅटरी घेतली. तिच्यात 'साधी' आणि 'प्रगत' अशा दोन अवस्था असतात, हे वर आलेले नाही. साध्या अवस्थेत लुकलुक मिळतच नाही, चुकून दाबून काही बदलण्याची भीतीही जवळजवळ राहत नाही, आणि तिचा तळ व माथा वेगळा ठरवता येतो. आम्ही माथा इतका खाली आणून ठेवला आहे की सासूबाईंनी बटण कितीही वेळ दाबून धरले तरी डोळे दिपत नाहीत. प्रगत अवस्थेतून साध्या अवस्थेत यायला बंद बॅटरीचे बटण दहा वेळा दाबावे लागते, आणि परत जायला दहाव्या वेळी ते दाबून धरावे लागते. हे सहजासहजी घडत नाही, म्हणून मनाला निवांतपणा आहे.

मागच्या पौषात गाय व्यायली तेव्हा मी सर्वांत मंद प्रकाशावर दोन तास तिच्याजवळ बसले होते. वासराचे खूर आधी आले का, नाक दिसते का, एवढे बघण्यापुरता तो प्रकाश होता आणि गाय शेवटपर्यंत शांत राहिली. सकाळी बंद बॅटरीचे बटण तीनदा दाबून पाहिले तर चार वेळा लुकलुकून, थांबून, एकदा लुकलुकली. म्हणजे सेल ४.१ व्होल्टवर होता; पूर्ण भरलेला ४.२ दाखवतो.

खिशात किंवा पिशवीत ठेवताना चारदा दाबून कुलूप लावायला विसरू नका, नाहीतर मागचे झाकण थोडे सैल करून ठेवा. माझ्या ओढणीला भोक पडले आहे, ते बॅटरी पिशवीत आपोआप लागून तापल्यामुळेच.

---

संत्र्याचा_मळा (काटोल तालुका, जि. नागपूर)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते अनुभवावरून आहे. मी पासष्टीत आहे. सात वेळा दाबा, दहा वेळा दाबा, हे घरी खाटेवर बसून जमते. चिखलाने भरलेल्या हातांनी आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी जमत नाही. माझ्याकडे दोन बॅटऱ्या आहेत, एक पायापुरती आणि एक दूरची, दोन्हींना एकेकच प्रकाश. कोणती कशासाठी, हे हाताला वजनावरून कळते आणि एक बंद पडली तर दुसरी सोबत असतेच. रात्री एकाच दिव्यावर विसंबून विहिरीजवळ जाणे मला पटत नाही.

डोक्याला बांधायच्या दिव्याबद्दल कुणी सुचवण्याआधी सांगतो: हात मोकळे राहतात हे खरे, पण दिवा डोळ्यांच्या रेषेत असला की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते आणि जमीन सपाट भासते. कमरेजवळून, तिरपा धरलेला प्रकाश खळगे, दगड आणि सापाचे वेटोळे उठून दाखवतो. धुक्याच्या रात्री तर कपाळावरचा दिवा म्हणजे तोंडापुढे पांढरा पडदा. तेव्हा दिवा खाली धरावा आणि प्रकाशही कमी ठेवावा.

---

पांदणवाट

काका, दोन बॅटऱ्यांचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, मीही एकटा दिवा घेऊन जात नाही. माझे म्हणणे एवढेच, की दाबण्याची मोजदाद एकदाच, घरी बसून करायची असते. वावरात फक्त एकदा दाबणे, दाबून धरणे आणि दोनदा दाबणे, एवढेच लागते. आणि एकेकच प्रकाशाची तुमची जी सोय आहे, ती तुम्हाला बाजारात आयती मिळाली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बॅटऱ्यांत लुकलुक माथी मारलेलीच असते. ती काढून टाकून काकांच्या बॅटरीसारखी साधी बॅटरी घडवता येणे, याला मी मनाप्रमाणे ठरवणे म्हणतो. बारा गटांच्या बॅटरीत एकाच पायरीचा गट निवडला की हुबेहूब तुमच्यासारखीच होते.

---

धुऱ्यावरून

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण रात्रीची पाळी येऊन जाईपर्यंत थांबलो होतो.

काकांचे ऐकून दोन घेतल्या. माझ्यासाठी अँड्युरिलची आणि वडिलांसाठी बारा गटांची. वडिलांच्या बॅटरीत मंद आणि प्रखर अशा दोनच पायऱ्यांचा, लुकलुक नसलेला गट निवडला आणि लक्षात ठेवण्याची सोय बंद केली, म्हणजे ती दर वेळी मंदच लागते. त्यांनी पहिल्या रात्री ती हातात घेतली, दोनदा दाबून पाहिली आणि पुन्हा त्याबद्दल काही विचारले नाही. मला तेवढे पुरेसे आहे.

माझ्या बॅटरीचा पहिला प्रकाश ठरवायला मात्र वेळ लागला. घरी अंगणात जो योग्य वाटला, तो वावरात गेल्यावर दुप्पट प्रखर निघाला, कारण अंगणात शेजारच्यांचा दिवा होता. म्हणून रात्री अकराला बांधावर अर्धा तास अंधारात बसलो, मग बटण दाबून धरले आणि पायापुढची सरी, तिच्यातले ढेकूळ आणि पाण्याचे टोक वेगवेगळे दिसू लागताच बोट उचलले. त्या ठिकाणी दहा वेळा दाबले. आता ज्यांना ठरवायचा आहे त्यांनी वावरातच ठरवावा, असे मी सांगेन. तळही थोडा वर घेतला, कारण मुळातला तळ इतका मंद होता की स्टार्टरवरचा लाल ठिपका आणि हिरवा ठिपका सारखेच दिसत होते.

सोल्डरचा_धूर भाऊंची फवाऱ्याची परीक्षा तिन्ही बॅटऱ्यांवर केली. जुनीच्या मंद पायरीवर पाणी साबुदाण्यासारखे तुटक दिसले, नव्या दोन्हींवर सलग. सेल सोनाराकडे नेले; त्याने आधी काटा पुसून घेतला आणि मग ठेवले. नवे दोन ४७ आणि ४६ ग्रॅम भरले. जुन्या बॅटरीतला, ज्यावर ६८०० छापले आहे तो, ३१ भरला.

एक शंका राहिली आहे. वडिलांच्या बॅटरीचे मागचे रबरी बटण दवात फार घसरते. त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा, की बाजारात त्या मापाचे खरखरीत टोपण वेगळे मिळते?